धुऱ्याखालची केबल

मुर्रीचा ताराचंद मेश्राम आपल्या पोरीच्या हाताखाली कामाला जायला लागला, तेव्हा गावातल्या काही लोकांना हसू आलं. जन्मभर लग्नात, मंडईच्या जत्रेत, नाटकात, जयंतीच्या मिरवणुकीत लाइट लावलेला माणूस. कितीतरी पोट्टे त्याच्याकडे शिकून आपापले धंदे करू लागले, आणि हा म्हातारपणी पोरीचा मजूर झाला, असं पानठेल्यावर बोलणं व्हायचं. ताराचंदला ते ऐकू यायचं. पण त्याला त्याचं वाईट वाटत नसे. गुडघे गेले होते, बांबूवर चढणं सुटलं होतं. मात्र हातात पक्कड धरल्याशिवाय दिवस सरत नव्हता, आणि घरी बसून टीव्ही पाहायचा त्याचा पिंड नव्हता.

नीला त्याची थोरली. गोंदियाच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन निघाली, वायरमनचा परवाना काढला आणि लग्नानंतर नवऱ्याच्या बिछायत केंद्राला लाइटच्या कामाची जोड दिली. नवरा राजदीप मंडप, पडदे, खुर्च्या, भांडी बघायचा. तार सुरू झाली की तिथून पुढचं सगळं नीलाचं. तिथं राजदीप तोंड घालत नसे.

बापाला कामावर घेताना नीलानं एकच गोष्ट सांगितली होती. काम तिच्या पद्धतीनं होईल, आणि पटलं नाही तर घरी बोलायचं, लोकांसमोर नाही. ताराचंदनं मान डोलावली होती. पण मान डोलावणं वेगळं आणि जिभेला आवरणं वेगळं. कारण नीलाची पद्धत त्याच्या पद्धतीहून अगदीच निराळी होती. झाडीपट्टीतल्या नाटकाला लोक जमिनीवर तनस पसरून बसतात. ताराचंद आपली तार त्या तनसाखालून न्यायचा. दिसायची नाही, कोणाच्या पायात यायची नाही. नीला म्हणायची, धानाचं वाळलेलं तनस आणि त्याच्याखाली तारेचा जोड, म्हणजे चूल पेटवायची तयारी. ती सगळी तार मंडपाच्या कडेनं, बांबूला पट्टीनं बांधून, माणसाच्या हाताच्या वरून न्यायची. जोड आलाच तर तो डब्यात, आणि डबा खांबावर. ताराचंद जोडाला टेप गुंडाळून पुढं सरकायचा. नीला त्या जोडाला हातानं ओढून बघायची, मग डब्याचं झाकण लावायची. वेळ लागायचा. ताराचंद सूर्याकडे बघत राहायचा, कारण त्याच्या काळी संध्याकाळ व्हायच्या आत लाइट लागला नाही तर मालक आईमाईवरून बोलायचा. पण नीलाला तसं बोलणारा कोणी मालक नव्हता. ती स्वतःच मालकीण होती.

संक्रांत होऊन गेल्यावर कामठ्याच्या पुढच्या एका टोल्यावरून, म्हणजे वाडीवरून, बोलावणं आलं. तिथं शंकरपट होता, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि पटाच्या दिवशी संध्याकाळी नाटक. पटाची परवानगी निघाली होती, डॉक्टर येऊन बैल तपासणार होते, आजूबाजूच्या गावांतून जोड्या येणार होत्या. लेकीबाळी माहेरी आल्या होत्या, घरोघरी पाहुणे होते. कमिटीचा अध्यक्ष कैलाश पटले नावाचा चाळिशीतला माणूस होता. हसतमुख, सतत फोनवर, आणि प्रत्येकाला होच म्हणणारा.

जागा बघायला नीला आणि ताराचंद सामानाची गाडी घेऊन दोन दिवस आधीच गेले. राजदीप दुसऱ्या गाडीनं एका लग्नाला गेला होता. धान कापून झालेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, एकमेकींत मोकळ्या करून, मधले धुरे म्हणजे बांध खोदून, जमीन सपाट करून बैल पळवायची लांबलचक सरळ पट्टी तयार केली होती. तिला दान म्हणतात. जोड्या तिच्यावरून एकामागून एक पळायच्या. दोन्ही बाजूंना तोडलेल्या धुऱ्यांची टोकं तशीच उभी होती, लोकांना बसायला.

अडचण जागेवर गेल्याबरोबर दिसली. विजेचा खांब, तात्पुरतं मीटर आणि जनरेटर, हे सगळं रस्त्याच्या बाजूला. आणि नाटकाचा मंडप दानीच्या पलीकडे. दरवर्षी तो रस्त्याकडेच असायचा, पण यंदा पाऊस लांबला होता आणि रस्त्याकडच्या बांध्यांत अजून पाय रुतत होता. तिथं हजारभर माणसं बसवणं शक्य नव्हतं. म्हणून कमिटीनं स्टेज पलीकडच्या कोरड्या टेकाडावर नेला. म्हणजे लाइट इकडे, नाटक तिकडे आणि मधे बैलांची दान.

दानीला वळसा घालून जावं, तर सुरुवातीच्या टोकाला बोडी, म्हणजे लहान तळं होतं, पाण्यानं भरलेलं. बोडीच्या काठाच्या पारीवरून पटाचे सगळे बैल पाण्यावर यायचे. दुसऱ्या टोकाला नाला. जोड्या तिथं जाऊन थांबायच्या, आणि थांबायच्या म्हणजे काय, उधळलेला बैल कुठं थांबेल ते त्याच्या मालकालाही ठाऊक नसतं.

कैलाशनं हसत सांगून टाकलं की यात काही अवघड नाही, दोन्हीकडे उंच बांबू गाडायचे आणि तार वरून टाकायची, सगळे तसंच करतात. ताराचंदच्या मनातही तेच होतं. त्यानं नजरेनं बांबूच्या जागासुद्धा ठरवून टाकल्या होत्या. दुपारच्या आत काम संपलं असतं.

नीला मात्र दानीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि वर बघत बसली. वर निळ्या आभाळाशिवाय काही नव्हतं. मग तिनं कैलाशला विचारलं की जिंकलेली जोडी परत येते तेव्हा तिच्यासोबत कोण असतं. कैलाश अभिमानानं सांगायला लागला. डफडी असते, गुलाल असतो, सगळं गाव नाचत येतं, झेंडे असतात.

"झेंडे कायले बांधता?" नीलानं विचारलं.

कैलाशनं तेही सांगितलं. झेंडे पोट्टे बोअरच्या जुन्या लोखंडी पाइपांना बांधत. जेवढा पाइप उंच, तेवढी जोडीची शान. एकमेकांच्या वर जायची शर्यतच असायची.

"मंग मी वरून तार नाही टाकत, भाऊ," नीला म्हणाली. "खालून नेतो."

आता ताराचंदला राहवेना. पण लोकांसमोर बोलायचं नाही हे ठरलेलं. तो पक्कड उघडत-मिटत उभा राहिला. आणि त्याला आठवलं की तो स्वतः वरून तार टाकायचा तेव्हा काय करायचा. तारेखाली एक पोट्टा काठी घेऊन उभा करायचा. मिरवणूक आली की तो पोट्टा ओरडायचा, झेंडे खाली करा. आणि ताराचंद दूर उभा राहून, श्वास रोखून, झेंडे खाली होतात की नाही ते बघायचा. दरवर्षी व्हायचे. पण त्याचा श्वास मोकळा व्हायचा तो मिरवणूक पार गेल्यावरच.

खालून नेण्याला अडचण होती ती वेगळीच, आणि ती पांढरं धोतर नेसून, खांद्यावर दुपट्टा टाकून बोडीकडून चालत येत होती.

भैय्यालाल रहांगडाले. दानीखालची निम्मी जमीन त्याची. सत्तरीला आलेला, काटक, कमी बोलणारा. पटाच्या जोड्या पाळणं हे त्याच्या घराण्याचं वेड. त्याची सध्याची जोडी तुफान आणि हिरा. बैलांशी तो फक्त पोवारी बोलीत बोलायचा, माणसांशी लागेल तेवढंच मराठीत. पटाची दान दरवर्षी तोच तयार करायचा. ढेकूळ न् ढेकूळ फोडायचा, पाणी मारायचा, पाटा फिरवायचा, अनवाणी चालून प्रत्येक हात जमीन पायानं तपासायचा.

दान खणायची म्हणतात हे ऐकल्यावर त्यानं नीलाकडे पाहिलंसुद्धा नाही. कैलाशला म्हणाला, "ह्या दानीले कुदळ लागनार नाही."

कैलाश दोघांना होच म्हणण्याच्या प्रयत्नात मधेच अडकला. शेवटी भैय्यालाल ताराचंदकडे वळला. दोघांची ओळख जुनी होती. कितीतरी पटांना ताराचंद लाइट घेऊन आणि भैय्यालाल जोडी घेऊन आला होता.

"ताराचंद, तू सांग तुह्या पोरीले. तू त इतकी वर्षं वरूनच टाकत होता ना?"

सगळे ताराचंदकडे बघायला लागले. नीलाही. ताराचंदला एका क्षणात दोन्ही गोष्टी दिसल्या. आपण हो म्हटलं तर काम दुपारी संपतं, भैय्यालाल खुश, कैलाश खुश, आणि म्हाताऱ्याचा शब्द अजून चालतो हे चार लोकांत दिसतं. पण मग पुढच्या प्रत्येक गावात लोक नीलाला ओलांडून त्याच्याकडेच येतील. आणि दुसरं, तो लोखंडी पाइपाला बांधलेला झेंडा.

"टाकत होतो भाऊ," तो म्हणाला. "खाली पोट्टा उभा करत होतो काठी घेऊन. नशीब चांगलं होतं म्हनून निभलं. आता हे काम तिचं आहे. मी तिच्या रोजीवर आहो. इचाराचं त तिलेच इचार."

भैय्यालालनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.  ताराचंदला नीलाची मान बघून कळलं की तिनं ते वाक्य कुठंतरी आत ठेवून घेतलं आहे.

मग नीलानं असं काही केलं की जे ताराचंदनं स्वतः कधीच केलं नसतं. ती भांडली नाही, परवाना दाखवला नाही, नियम सांगितले नाहीत. जवळच्या धुऱ्यावर जाऊन बसली आणि भैय्यालालला म्हणाली, "काऊन नाही काकाजी, ते सांगा मले. तुमी सांगान त मले समजन."

भैय्यालाल उभाच राहिला.  मग सांगायला लागला. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावच्या पटात त्याची जोडी पळत होती. त्या जागेवर आदल्या आठवड्यात लग्नाचा मंडप होता. मंडपवाल्यांनी खांब उपटले आणि खड्ड्यांत माती लोटून दिली, वरून पायानं दाबली. वरून बघता जमीन सपाट. बैल पूर्ण वेगात आला आणि त्याचा पुढचा पाय खड्ड्यात गेला. भैय्यालालनं एवढंच सांगितलं. पुढचं सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. नंतरच्या बैलाचं नाव त्यानं परत हिराच ठेवलं होतं, ते मात्र ताराचंदला माहीत होतं.

नीलानं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुमचं खरं आहे. तिनं केबलचा विचार केला होता, खुराचा केला नव्हता. मांडीएवढं खोल खणायचं, वाळू टाकायची, लोखंडी पाइपात केबल घालायची, म्हणजे पाइपाला काही होणार नाही, बैलाचा खूर कितीही जोरात आला तरी. पण वरची माती बसली नाही तर पाइप शाबूत आणि बैल मोडलेला, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मंग माती तुमी सांगान तशी भरतो," ती म्हणाली. "पाइप माझा, माती तुमची. आन तुमच्या मनात नाही भरलं त वरून पन नाही टाकत अन् खालून पन नाही. जनरेटर टेकाडावर नेऊन त्याच्या आवाजातच नाटक होऊ द्या."

 भैय्यालाल दानीवर चालत गेला. या टोकाकडून त्या टोकाकडे, हात मागं बांधून, मधूनच टाचेनं जमीन ठोकत. दूर गेला, परत आला, परत गेला. ताराचंदला वाटलं, हा आता घरी निघून जाईल. पण तो एका जागी थांबला आणि त्यानं हात वर केला.

ती जागा जिथं होती तिथं पावसाळ्यात धुरा असतो. दोन बांध्यांमधला जुना, त्याच्या आजाच्या काळचा धुरा. पटासाठी दरवर्षी तेवढाच तुकडा खोदून जमिनीला लावायचे आणि पेरणीच्या आधी परत उभा करायचे. वर्षानुवर्षं त्या रेषेवर माणसं-गुरं चालली होती, त्याखालची माती नांगरानं कधी उकरली नव्हती. सब्बल, म्हणजे पहार, मारली तर टणटण वाजायची. भैय्यालालनं सांगितलं, खणायचंच असेल तर या रेषेत खणा. बाकी दान मऊ आहे, खणली तर वर्षभर बसणार नाही. धुऱ्याची जमीन कडक आहे, तिच्यात अरुंद चर घेतला तर कडा ढासळणार नाहीत. आणि माती भरायची नाही, बसवायची. आजच. म्हणजे पटापर्यंत ती दोन राती झोपेल.

नीला उठली. तिनं रेषेच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसली. धुऱ्याच्या तोडलेल्या टोकांपासून पुढं दोन्हीकडे धुरा सलग उभा होता. एका बाजूनं थेट रस्त्यापर्यंत, दुसऱ्या बाजूनं टेकाडाच्या पायथ्यापर्यंत. म्हणजे दानीतून बाहेर पडलेली केबल उघड्या बांधीतून न्यायची गरजच नव्हती. धुऱ्याच्या कुशीला, लोकांच्या पायांपासून बाजूला, खुंट्यांना बांधत नेता येत होती. तिनं आखलेल्या वाटेपेक्षा म्हाताऱ्यानं दाखवलेली वाट चांगली होती, आणि हे तिनं त्याला तिथल्या तिथं सांगितलं.

चर खणायला गावातले दोघे जण आले. माती खरंच दगडासारखी होती. नीलानं चर फावड्याच्या रुंदीहून जास्त होऊ दिला नाही. तळाला बोडीची बारीक वाळू अंथरली, त्यावर पाइप ठेवले, आटे फिरवून एकमेकांत बसवले. पाइपाच्या तोंडाची कापलेली कडा धारदार असते. केबल ओढताना तीच केबलचं कातडं सोलते. ते काम ताराचंदचं होतं. त्यानं कानशीनं दोन्ही तोंडं आतून-बाहेरून घासली, बोट फिरवून पाहिलं, परत घासली, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून तोंडावर चढवला. नीलानं येऊन स्वतः बोट फिरवलं आणि काही न बोलता पुढं गेली. तिचं काही न बोलणं म्हणजे काय ते ताराचंदला आता समजायला लागलं होतं. त्याच्या काळचे मालकही चांगलं काम झालं की काहीच बोलत नसत, पण ते बघतही नसत.

आधी पाइपातून पोलादी ओढतार गेली. तिच्या टोकाला केबल बांधली. जाड, आतून लोखंडी तारांचं चिलखत असलेली केबल, एकसंध, मधे कुठंही जोड नाही. नीला एका टोकाला ओढत होती, ताराचंद दुसऱ्या टोकाला साबणाचं पाणी लावत केबल आत सारत होता. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, पण तारेतून हात कळत होते. ती थांबली की हा थांबायचा. हा सैल सोडायचा तेव्हा ती ओढायची. एकदाही अडकली नाही. दोन्ही बाजूंना नीलानं केबलचा एकेक मोठा वेढा शिल्लक ठेवला, कोणी पाय अडकवून ओढलं तरी ताण जोडावर यायला नको म्हणून. पाइपाची तोंडं काथ्या आणि चिकणमातीनं बुजवली. उंदीर आणि पाणी दोन्ही बाहेर.

मग माती. तिथं भैय्यालाल राजा झाला. मुरूम आणि धुऱ्याचीच माती कालवून त्यानं थोडी थोडी टाकायला लावली, तळहातभर जाडीचा थर झाला की पाणी शिंपडायचं, धुमसानं ठोकायचं. चर जमिनीला लागत आला तेव्हा त्यानं आपले दोन हेले, म्हणजे रेडे, आणले, शेतात राबणारे, मठ्ठ आणि वजनदार, आणि त्यांना त्या पट्टीवरून मागं-पुढं, मागं-पुढं चालवलं. माती खाली गेली की परत टाकायला लावली. धुमस ठोकून मजूर घामाघूम झाले, तसा नीलानं धुमस आपल्या हातात घेतला. पदर खोचून ती ठोकत राहिली. भैय्यालाल शेजारी उभा राहून टाचेनं तपासत होता आणि दर वेळी एकच शब्द बोलत होता, "आनखी."

शेवटी त्यानं सब्बल मागितली. दोन्ही हातांनी उचलून भरलेल्या जागेवर मारली. मग चार पावलं बाजूला जाऊन कोऱ्या जमिनीवर मारली. दोन्हीकडे आवाज सारखा आला. सब्बल ताराचंदच्या हातात देऊन तो घरी निघून गेला.

पटाच्या दिवशी सकाळपासून माणसांचा पूर लोटला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून आल्या, पारीवर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजायला लागल्या, भजे-जिलेबीचे ठेले लागले. लहान पोरं धुऱ्यावर चढून बसली. डॉक्टर बैल तपासून गेले. कैलाश स्टेजच्या माइकवरून सगळ्यांचं स्वागत करत होता, आणि त्या माइकची वीज दानीखालून येत होती, हे त्याच्या लक्षातही नव्हतं.

पहिली जोडी कोणाची सुटणार यावर दरवर्षी वाद व्हायचा, कारण कोऱ्या दानीवर पहिलं पळायला कोणी सहज तयार होत नाही. यंदा वाद झाला नाही. भैय्यालाल तुफान आणि हिराला घेऊन स्वतः सुरुवातीच्या रेषेवर येऊन उभा राहिला.

ताराचंद दानीच्या काठाकडे निघाला. नीला मंडपाच्या टोकाला होती, तिनंही ते पाहिलं आणि हातातलं काम टाकून ती दानीच्या काठाला आली. बापलेक धुऱ्याच्या तोडलेल्या टोकाशी, नेमकं भरलेल्या चराच्या पट्टीसमोर उभे राहिले. नीलाच्या हातात अजून पेचकस होता. 

छकड्यावर भैय्यालालचा नातेवाईक, हलका, तरणा गडी बसला होता. भैय्यालालनं दोन्ही बैलांच्या कानाशी काहीतरी सांगितलं आणि बाजूला झाला. झेंडी पडली.

लोक जोडीकडे बघत होते. ताराचंद जमिनीकडे बघत होता. धूळ येताना दिसली, मग आवाज आला, छातीत घुमणारा. पांढरी अंगं एकदम जवळ आली आणि आठही खूर त्या पट्टीवरून गेले. ते गेले की नाही हेसुद्धा कळलं नाही. कुठं अडखळ नाही, छकडा उसळला नाही, घुंगरांच्या तालात फरक नाही. धुळीचा लोट तेवढा दोघांच्या अंगावर आला.

धूळ बसल्यावर नीला आत गेली आणि वाकून जमीन बघायला लागली. खुरांचे ठसे पट्टीच्या अलीकडे जेवढे खोल होते तेवढेच पट्टीवर, तेवढेच पलीकडे. कुठून कुठपर्यंत खणलं होतं ते तिचं तिलाही ओळखू येत नव्हतं. मागून लोक ओरडायला लागले की दुसरी जोडी सुटते आहे, बाजूला व्हा. ती धावत बाहेर आली. तोंड सगळं धुळीनं माखलेलं, आणि लहानपणी सायकल चालवायला शिकली तेव्हा हसली होती तशी हसत होती.

दिवसभर जोड्या पळत राहिल्या. भैय्यालालची जोडी जिंकली नाही. नवेगाव बांधकडची एक करड्या रंगाची जोडी होती, ती पुढं गेली. ऊन उतरता उतरता तिची मिरवणूक दानीवरून निघाली. डफडी, गुलाल, आणि बोअरच्या पाइपांना बांधलेले झेंडे, एकाहून एक उंच, आभाळात हेलकावत. पोट्टे एकमेकांच्या खांद्यावर चढून ते आणखी वर करत होते. त्यांना खाली करा म्हणून सांगायला कोणी काठी घेऊन उभा नव्हता. त्याची गरजच नव्हती. ताराचंद मंडपाच्या खांबाला टेकून ती मिरवणूक पहिल्या झेंड्यापासून शेवटच्या झेंड्यापर्यंत बघत राहिला. इतक्या वर्षांत त्यानं मिरवणूक अशी कधी बघितलीच नव्हती. त्याची नजर कायम तारेवर असायची. यंदा त्याला बैल दिसले, शिंगांचे रंग दिसले, नाचणाऱ्या माणसांची तोंडं दिसली.

दिवेलागणीला नीलानं दिव्यांचा मुख्य खटका वर केला. स्टेज उजळला, मंडपात टाळ्या पडल्या, बायका-पोरं तनसावर जागा धरायला धावली. नाटक कंपनीच्या लाइटवाल्यानं येऊन मीटर लावून पाहिलं आणि एवढ्या लांबून येऊन विजेचा दाब पुरा कसा काय मिळतो म्हणून ताराचंदलाच विचारलं. ताराचंदनं बोटानं नीला दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवराआवर झाली. मंडप सुटला, तारा गुंडाळल्या. नीलानं दानीतली केबल मोकळी केली, हळूहळू ओढून घेतली, आणि पाइप काढायला चर परत खणावा लागेल म्हणून भैय्यालालला विचारायला गेली. तो दानीवरच होता. खोदलेला धुरा परत उभारायची त्याची घाई सुरू झाली होती. माणसं टोपल्यांनी माती टाकत होती.

"पाइप राहू दे, बाई," तो म्हणाला. "धुऱ्याखाली नांगर जात नाही. पुढच्या सालीही तूच येशीन."

ते विचारणं नव्हतं. नीलानं कैलाशशी बोलून घेतलं. पाइप कमिटीनं ठेवून घेतले. मग तिनं पाइपातून नायलॉनची दोरी ओवून ठेवली, पुढच्या वेळी केबल ओढायला सोपं जावं म्हणून, आणि दोन्ही तोंडं झाकणं लावून बंद केली. भैय्यालालनं घरून दोन चपटे दगड आणवले आणि धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना गाडले, म्हणजे कोणी चुकून तिथं खणायला नको. दगड नीट बसले की नाही ते त्यानं टाचेनं तपासलं. मग ताराचंदजवळ येऊन उभा राहिला.

"तुह्यापेक्षा बरी आहे," तो नीलाकडे बघत म्हणाला.

"लई बरी आहे," ताराचंद म्हणाला.

गाडी भरून झाली. नीला चालवायला बसली, ताराचंद शेजारी. वाटेत ती पुढच्या कामाचं बोलत होती, कुठं किती तार लागेल, कोणता डबा बदलायचा आहे. ताराचंद हूं हूं करत होता, पण त्याचं ध्यान मागं राहिलेल्या धुऱ्याकडे होतं. त्याच्या जन्माचं काम संध्याकाळी लागायचं आणि सकाळी उतरायचं. इतकी लग्नं, इतकी नाटकं, इतक्या जयंत्या उजळल्या, आणि कुठल्याही गावात जाऊन बोट दाखवावं असं त्याचं काही उरलेलं नव्हतं. आता एक होतं. पावसाळ्यात त्यावर गवत उगवेल, दोन्हीकडे धान उभं राहील, भैय्यालाल त्यावरून चालत जाईल. आणि त्याच्या खाली, मांडीएवढ्या खोल, मेश्रामांच्या पोरीनं सरळ टाकलेला पाइप असेल.

कामठ्याच्या चौकात नीलानं चहासाठी गाडी थांबवली. ठेलेवाल्यानं ताराचंदला ओळखलं आणि पटात लाइट चांगला होता म्हणाला, तुमचंच काम ना म्हणून विचारलं.

"नाही," ताराचंद म्हणाला, आणि नीलाला आधी चहा द्यायला सांगितलं.